रूळ गेले, वाट राहिली

१८७९ साली फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी एक कायदा मंजूर करून घेतला. आडगावांपर्यंत आगगाडी न्यायची म्हणून त्यात १८१ नव्या मार्गांची यादी होती. एकूण लांबी पावणेनऊ हजार किलोमीटरच्या घरात. त्याच उन्हाळ्यात देशभरच्या प्रमुख कालव्यांवरच्या जलद्वारांसाठीही एकच माप ठरलं. सायकलीचा विचार यात कुठेच नव्हता. तरीही आज ब्रिटनी, बरगंडी किंवा आर्देशच्या खेड्यापाड्यांतून, एकही मोटार अंगावर न येता, दिवसभर मुरमाच्या वाटेवर सायकल चालवता येते. त्याचं श्रेय मी आधी फ्रेसिने यांच्या त्या महत्त्वाकांक्षेला देतो आणि मग तिच्या अपयशाला.

यातल्या कितीतरी मार्गांवर गाडी कधी भरून धावलीच नाही. बस आली, मोटार आली आणि १९३८मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून एसएनसीएफ ही राष्ट्रीय रेल्वे कंपनी स्थापन झाली, तेव्हापासूनच लहान मार्गांवरच्या प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणावर बंद होऊ लागल्या. पुढची तीन-चार दशकं हेच चाललं. रूळ भंगारात गेले, फाटकवाल्यांची घरं विकली गेली. भराव, खिंडी, पूल आणि बोगदे मात्र जागेवर राहिले. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही, म्हणून जुन्या अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि चढ शेकडा दोन-तीनच्या वर जाऊ दिला नाही. इंजिनासाठी केलेले हे सारे कष्ट शंभर वर्षांनी सायकलवाल्याच्या गुडघ्यांच्या कामी आले.

कालव्यांची गोष्ट याहून जुनी आहे. इंग्रजी आरमाराने ब्रेस्ट बंदराची कोंडी केली, तेव्हा समुद्रावर न जाता तिथे रसद पोचावी म्हणून नेपोलियनच्या काळात नांत ते ब्रेस्ट या कालव्याचं काम निघालं. तो पूर्ण झाला १८४२मध्ये. लांबी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक, जलद्वारं दोनशेच्या वर. ग्लोमेल गावाजवळचा उंचवटा फोडून केलेला तीन किलोमीटरचा खोल चर ब्रेस्टच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी खणला. १८२३ ते १८३२ ते तिथे छावणीत राहत होते. आज त्या चराच्या काठाने सावलीतली सपाट वाट जाते. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पुढे १९३०मध्ये गेर्लेदाँचं धरण पुरं झालं आणि कालव्याचे दोन तुकडे झाले. काही जलद्वारं पाण्याखाली गेली. २०१५मध्ये तपासणीसाठी जलाशय रिकामा केला, तेव्हा ती पुन्हा उघडी पडली आणि लोकांनी ती पाहायला गर्दी केली. बोटींची वाहतूक संपली, पण बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी ठेवलेली काठावरची पट्टी सरकारी मालकीचीच राहिली.

मालकीचा हा मुद्दा या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. फ्रान्समध्ये रेल्वे आणि कालव्यांची जमीन सार्वजनिक मालमत्तेत मोडते. रीतसर वगळल्याशिवाय ती विकता येत नाही आणि कोणी कितीही वर्षं वापरली तरी त्याची होत नाही. गावच्या पाणंदींना हे संरक्षण मिळालं नाही. १९५९च्या एका अध्यादेशाने त्या गावाच्या खासगी मालमत्तेत धरल्या गेल्या. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने नांगर हळूहळू आत सरकवत पाणंद तीस वर्षं वहिवाटली, तर तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. त्यात महायुद्धानंतर जमिनींच्या एकत्रीकरणाची लाट आली. ट्रॅक्टरला मोठी वावरं हवी होती, म्हणून कुंपणाच्या झाडोऱ्याबरोबर असंख्य पाऊलवाटाही गेल्या. आज नकाशा घेऊन ग्रामीण फ्रान्समध्ये निघालेल्या सायकलस्वाराला रेल्वेची वाट सलग सापडते आणि गावची वाट मध्येच मक्याच्या शेतात शिरून नाहीशी होते, ती यामुळे. २०२२च्या फेब्रुवारीत झालेल्या कायद्याने गावांना आपल्या पाणंदींची नोंद करण्याचा मार्ग मोकळा केला. नोंदीचं काम चालू असेपर्यंत तीस वर्षांचं ते घड्याळ थांबतं. फार उशीर झाला खरा, पण या विषयात गेल्या काही वर्षांत झालेलं सर्वांत मोलाचं काम मी हेच मानतो.

वाहनमुक्त वाटांची आजची चळवळ सुरू झाली बरगंडीत. १९९७मध्ये जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग पायी चालणारे, सायकलवाले आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं यांच्यासाठी खुला झाला. लोकांनी तो उचलून धरला. पुढच्याच वर्षी, १९९८च्या डिसेंबरात, सरकारने देशव्यापी सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. २००४मध्ये ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंद असलेली हरित वाट, वाहतुकीच्या नियमांत आली आणि तिला स्वतःचा फलक मिळाला. क्लुनीची वाट पुढे माकाँच्या दिशेने वाढली, तेव्हा तिला ब्वा-क्लेरचा सुमारे १६०० मीटरचा बोगदा मिळाला. हिवाळ्यात तिथे वटवाघळं असतात म्हणून तो बंद ठेवतात आणि सायकलवाले वरून, घाटाने जातात. ही तडजोड मला अगदी योग्य वाटते.

पण जिव्रीची वाट डांबरी आहे. मुरमाच्या वाटेचं खरं सुख मला आर्देशच्या ‘दोल्चे व्हिया’ या जुन्या रेल्वेवाटेवर दिसतं. एर्यो नदीच्या खोऱ्यातून मीटरगेजची गाडी धावायची. ती ३१ ऑक्टोबर १९६८ला थांबली. त्याच जाळ्यातला तूर्नों–लामास्त्र हा तुकडा वाफेच्या इंजिनाच्या प्रेमिकांनी वाचवला आणि १९६९मध्ये तिथे पर्यटकांची गाडी सुरू केली. एर्योच्या खोऱ्यातली मार्गिका मात्र कित्येक वर्षं झुडपांत पडून राहिली आणि मग टप्प्याटप्प्याने सायकलवाट झाली. ऱ्होनकाठच्या ला वूल्तपासून निघालं की शंभर मीटर उंचीवरून हजार मीटरच्या वर, सेंत-आग्रेव्हपर्यंत पोचता येतं. उजवीकडे-डावीकडे चेस्टनटची झाडं, दगडी पूल, लहान बोगदे, आणि मीटरगेजमुळे घेता आलेली जवळजवळची वळणं. एकूण नव्वद किलोमीटरच्या आसपास वाट, आणि चढ असा मंद की आपण डोंगर चढतोय हे कानांना गार वारा लागल्यावर कळावं. दक्षिणेला बेदारियो ते माझामे ही सुमारे ऐंशी किलोमीटरची वाटही याच जातीची. तिच्यावरच्या एका बोगद्याच्या परिसरात भूमध्य समुद्राकडे वाहणारं पाणी मागे राहतं आणि अटलांटिककडे जाणारं पुढे येतं.

खरं तर फ्रान्समधली सायकलची भटकंती मातीच्या रस्त्यांवरच वाढली. सेंत-एतियेनचे पोल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, यांनी १८८७मध्ये सायकलीला वाहिलेलं मासिक काढलं आणि घाट चढायला गिअर हवेत हा आग्रह आयुष्यभर धरला. तूर द फ्रान्सने गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी दिली ती १९३७मध्ये, व्हेलोसिओंच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्या साली जिंकलेल्या रोजे लापेबी यांचं नाव आज बोर्दोहून निघणाऱ्या एका जुन्या रेल्वेवाटेला आहे. रस्ते डांबरी झाले, टायर बारीक झाले आणि धुळीच्या वाटा सायकलस्वारांच्या मनातून उतरल्या. ब्रिटनीत १९८४पासून ‘त्रो ब्रो लेओन’ ही शर्यत शेतवाटांवरून घेतली जाते. तिचा हेतू होता ब्रेटन भाषेच्या शाळांसाठी पैसा उभा करण्याचा. मग अमेरिकेत कॅन्झसच्या खडीच्या रस्त्यांवर शर्यती गाजल्या, रुंद टायरच्या ग्रॅव्हल सायकली युरोपात आल्या आणि २०२४च्या जुलैत तूर द फ्रान्सचा नववा टप्पा त्र्वाभोवतीच्या शाम्पेनच्या द्राक्षमळ्यांतून, चौदा तुकड्यांत मिळून ३२ किलोमीटर पांढऱ्या मातीवरून गेला. मुरमाची वाट पुन्हा मानाची झाली.

तिच्यावरचं संकटही आता वेगळं आहे. जिल्हा परिषदा वाटा डांबरी करू पाहतात. मुरमाची वाट करायला स्वस्त, पण पावसात तिला चऱ्या पडतात आणि दरवर्षी डागडुजी लागते. चाकाच्या खुर्चीला, लहान मुलांच्या गाडीला आणि रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला गुळगुळीत पृष्ठभाग हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. गावाजवळचे पाच-दहा किलोमीटर जरूर डांबरी करावेत. पण पुढच्या रानात दगडाचा बारीक चुरा दाबून केलेली वाट पाणी जिरवते, ऊन कमी साठवते आणि वेग आपोआप आवरते. कॅनाल द्यू मिदीवर हा प्रश्न आणखी नाजूक झाला आहे. १६८१मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्याकाठी सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. २००६मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. सावली गेलेल्या त्या काठावर डांबर ओतण्याची घाई कोणी करू नये.

दुसरा वाद रेल्वेप्रेमींचा. बंद मार्गावर सायकलवाट झाली की गाडी परत येणार नाही, ही त्यांची भीती अनाठायी नाही. माझं म्हणणं इतकंच, की वाट झाली तर पट्टी तरी अखंड राहते; तुकडे करून विकली गेली तर गाडीही नाही आणि सायकलही नाही.

महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांसाठी यातली एक वाट अगदी हाताशी आहे. बीआरएम या लांब पल्ल्याच्या पात्रता-फेऱ्या पुऱ्या करून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीला जाणाऱ्यांत पुणे, मुंबई, नाशिककडचे बरेच जण असतात आणि कारे हे त्यांच्या मार्गावरचं तपासणीचं ठिकाण. हेच गाव ब्रिटनीच्या मीटरगेज जाळ्याचं केंद्र होतं. तिथून मोर्ले गावाकडे जाणारी लाइन १८९१मध्ये, म्हणजे पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस झाली त्याच वर्षी, सुरू झाली आणि १९६७मध्ये बंद पडली. आता ती मोंझ दारेचे डोंगर ओलांडणारी सुमारे ४५ किलोमीटरची सायकलवाट आहे. फेरी पुरी करायच्या नव्वद तासांच्या हिशेबात तिच्यावर वळायला कोणालाच सवड नसते. पुढची फेरी २०२७मध्ये आहे. परतीचं तिकीट चार दिवस पुढचं काढावं, थोडे रुंद टायर बरोबर न्यावेत आणि पाय मोकळे झाले की रेल्वेने मोर्लेला जावं. तिथून कारेपर्यंतचा चढ आगगाडीचाच आहे, दमलेल्या पायांनाही झेपेल असा.