'पानी' अशुद्ध आहे काय?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडचा झाडीबोली बोलणारा माणूस सहज 'पानी' म्हणतो, 'डोळा' न म्हणता 'डोरा' म्हणतो. शाळेत यास अशुद्ध ठरविले जाते. पुढे विहारातील पाली वर्गात 'पानीय' हा शब्द भेटला की तोच विद्यार्थी हर्षाने विचारतो, "मग आमची बोली थेट पालीतूनच आली ना?" ही दोन्ही मते तपासून पाहिली पाहिजेत.

जिनिव्हा येथे संस्कृतचेही अध्यापन करणारे फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर 1916 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एखाद्या काळी भाषेची व्यवस्था कशी चालते हा एककालिक अभ्यास. ती कशी बदलत आली हा ऐतिहासिक अभ्यास. या दोहोंची गल्लत करू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते.

एककालिक दृष्टीने पाहता झाडीबोलीत 'ण' हा स्वतंत्र वर्णच नाही. पानी, लोनी, कोन असा तेथे सर्वत्र 'न' येतो. चूक इतकी नियमबद्ध नसते. तेव्हा अशुद्धतेचा आक्षेप येथेच संपतो. त्यासाठी पालीची साक्ष काढण्याचेही कारण नाही.

इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. संस्कृत व पाली 'पानीय', प्राकृत 'पाणिअ', मराठी 'पाणी': म्हणजे येथे मूळचा 'न' प्रमाण मराठीनेच बदलला. उलट पाली 'कण्ण', 'पण्ण' यांचे मराठीत 'कान', 'पान' झाले. त्यांना मात्र कोणी अशुद्ध म्हणत नाही! तथापि विद्यार्थ्याचा निष्कर्षही टिकत नाही. पालीत 'गुण' आहे, झाडीत 'गुन'. म्हणजे 'पानी'तील 'न' हाही 'ण'वरून पुन्हा आलेला असू शकतो. शेजारच्या पवनी येथील स्तूपाचे प्राकृत लेख आणि आजची बोली यांत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. मधल्या पायऱ्या दाखविल्याविना वंशावळ सांगणे हा अभिमान होईल, अभ्यास नव्हे.

हीच गल्लत 'धम्म' हा 'धर्म'चा अपभ्रंश आहे असे म्हणणारे करतात. पालीच्या व्यवस्थेत 'र्म' हे जोडाक्षर नाही. 'कम्म'प्रमाणे 'धम्म' हे तिचे नियमित रूप होय. दोन्ही शब्दांचे मूळ एक, हे ऐतिहासिक सत्य. परंतु त्यावरून 'धम्म'चा अर्थ ठरत नाही. तो सुत्तांतील त्याच्या वापरावरून ठरतो. बाबासाहेबांनी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या नावातच हा शब्द ठेवला आणि धम्म हा रिलिजनहून वेगळा कसा, याची स्वतंत्र चर्चा त्यात केली.