तंत्रस्नेही शिक्षक : प्रशिक्षणानंतरचं वर्ष

सातवीचा वर्ग. प्रोजेक्टरवर जिओजेब्रा उघडलेलं आहे. बाईंनी त्रिकोण काढला, तिन्ही कोनांची मापं पडद्यावर आणली आणि मुलांना बेरीज करायला सांगितली. ५९, ६० आणि ६०. बेरीज भरते १७९! पुस्तकात तर १८० लिहिलंय. खरे कोन असतात ५९.४, ६०.३ आणि ६०.३. मापं पूर्ण अंशांत दाखवण्याचा पर्याय निवडलेला असला, की अपूर्णांक पडद्यावर येतच नाहीत. ज्या बाईंनी आदल्या संध्याकाळी हे करून पाहिलेलं असतं, त्या या १७९ ची वाटच पाहत असतात. ‘असं का झालं असेल?’ एवढं विचारलं, की अर्धा तास वर्ग रंगतो. मोजमाप वेगळं आणि सिद्धता वेगळी, हे मुलांच्या लक्षात येतं. पण ज्यांना प्रशिक्षणात फक्त त्रिकोण काढायचं बटण दाखवलं गेलं, त्यांची भर वर्गात पंचाईत होते. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टर पुन्हा कपाटात जातो.

गेल्या भागात साधनांची ओळख झाली. साधन कपाटात परत जाऊ नये यासाठी शिक्षकाने पुढचं वर्ष कसं आखावं, हे या भागात पाहू.

बाईंकडे नेमकं काय होतं? भूमिती येत होती, सॉफ्टवेअर चालवता येत होतं आणि मुलं कुठे अडतात हेही ठाऊक होतं. पण तास रंगला तो या तिन्हींचा मेळ बसल्यामुळे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये हीच मांडणी केली. विषयाचं, अध्यापनाचं आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान वेगवेगळं शिकवून भागत नाही, ती एकमेकांत मिसळतात तिथेच शिक्षकाचं खरं कसब असतं. आपल्याकडची बरीच प्रशिक्षणं मात्र तिसऱ्याच ज्ञानाभोवती फिरत राहतात.

नुसती यंत्रं वाटली तर काय होतं, याचा मोठा धडा पेरू देशाने दिला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली तिथे लाखो लॅपटॉप वाटले गेले. याच योजनेचा छोटा प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका लहान शाळेतही झाला होता. पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांमागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं होतं, भाषा आणि गणित मात्र होतं तिथेच राहिलं. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, तेवढीच.

याउलट माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही बातमी सर्वांनी वाचली. त्यामागचा क्रम तितकासा चर्चेत आला नाही. पुरस्कार देणाऱ्यांच्या नोंदीप्रमाणे अडचण आधी होती : पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावून कविता, गोष्टी आणि पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय करणं, हा त्या अडचणीवरचा उपाय होता.

वर्षाच्या आखणीची सुरुवातही इथूनच व्हावी. जूनमध्ये ‘यंदा कोणतं ॲप शिकू?’ असं विचारण्यापेक्षा ‘गेल्या वर्षी माझी मुलं कुठे अडली?’ हा प्रश्न वहीत लिहावा. समजा, तिसरीतली काही मुलं अडखळत वाचतात. मग साध्या फोनमधला रेकॉर्डर पुरतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. जुलैत प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन ध्वनिमुद्रित करायचं आणि शांतपणे ऐकायचं. वर्गाच्या गलक्यात न जाणवलेल्या गोष्टी तेव्हा कानावर येतात : एकजण फक्त जोडाक्षरापाशी थांबतो, दुसरी पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकून देते. दोघांना लागणारा सराव अगदी वेगळा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मुद्रण करायचं आणि दोन्ही ऐकून फरक टिपायचा. मात्र ही मुद्रणं व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. मुलाचं अडखळणं ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे.

एकट्याने हे फार काळ टिकत नाही. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स हे अमेरिकी अभ्यासक १९८० पासून सांगत आले, की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी माहिती मिळते, पण शिकलेलं वर्गात उतरायला सराव, अभिप्राय आणि सोबत लागते. द्विशिक्षकी शाळेत ही सोबत शेजारच्याच खोलीत असते. सहकाऱ्याने महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसून पाहावं, आणि तेही मुलं काय करतात ते. शिक्षकाला गुण देण्याचा तो तास नव्हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आहे आणि शिक्षक-प्रशिक्षणाचे ‘निष्ठा’ अभ्यासक्रमही तिथे घरबसल्या करता येतात. त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण एका खिडकीत व्हिडिओ चालू ठेवून दुसरीकडे शाळेची ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षकाला प्रमाणपत्र मिळालं, तरी हाती काही लागत नाही. त्याला दोष देण्याआधी त्याच्यावरचा माहिती भरण्याचा बोजा कमी व्हायला हवा. शिक्षकाचा तंत्रज्ञानाशी येणारा संबंध बराचसा कार्यालयासाठी आणि थोडासा मुलांसाठी, ही उलटी विभागणी बदलल्याशिवाय कोणतीही योजना फळणार नाही.

सगळ्यांनी सगळं शिकण्याचीही गरज नाही. युनेस्कोच्या तंत्रज्ञान-वापराविषयीच्या २०१८ च्या आराखड्यात शिक्षकासाठी १८ क्षमता आणि तीन पायऱ्या आहेत : आधी ज्ञान मिळवणं, मग ते सखोल करणं आणि शेवटी नवं निर्माण करणं. वर्षात एका विषयातल्या एका घटकापुरती जरी दुसरी पायरी गाठली, तरी ती कमाई मोठी आहे. स्वतःचे व्हिडिओ आणि यूट्यूब वाहिनी नसलेला शिक्षक मागे पडला, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. पुढच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनातून एक तास वाचवा आणि तो दोन शिक्षकांना द्या. एकाने जमलेला पाठ दाखवावा, दुसऱ्याने फसलेला, आणि उरलेल्यांनी फसलेल्या पाठावर अधिक वेळ बोलावं. तुमच्या केंद्रात असं काही सुरू असेल, तर आम्हाला जरूर लिहून कळवा.