नगरचे वार्तापत्र : पांढरीखालची गावे

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले प्रवराकाठचे गाव. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि म. न. देशपांडे यांनी येथे खोदकाम केले, तेव्हा तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची तांबडी खापरे मिळाली. तोवर महाराष्ट्राचा इतिहास मौर्य-सातवाहनांपासून मोजला जाई. या खापरांनी तो हजारेक वर्षे मागे नेला. पुढे तशीच भांडी जिथे जिथे सापडली, त्या सगळ्या वस्त्या ‘जोर्वे संस्कृती’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. भांडी चाकावरची, तोटीची, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारताच खणखणतात.

असे जुने अवशेष टिकतात की नाहीसे होतात, याची तुलना आयर्लंडशी करता येईल. तिथे साठ हजारांवर ‘टाउनलँड’, म्हणजे गावशिवारासारखे जमिनीचे छोटे विभाग आहेत. त्यांतल्या अनेकांत मातीच्या गोल गढ्या शेतातच उभ्या दिसतात. परीलोकांचा कोप होईल म्हणून शेतकरी त्यांना नांगर लावत नसत. प्रवराकाठचा वारसा मात्र जमिनीखाली, पांढरीत म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत आहे. राखेशेणाने कसदार झालेली ही माती गाड्या भरून शेतात टाकायची जुनी चाल असल्याने कितीतरी टेकाडे झिजून गेली. आयरिश शेतकऱ्यांसारखी भीती कधी कधी उपयोगी पडते, ती अशी.

जोर्वे संस्कृतीच्याच नेवाशात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मुलांची दफने निघाली. मूल गेले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागाही शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आढळले.

या वस्त्यांत श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद सर्वांत मोठे. येथे सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच थर एकावर एक आहेत. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका स्थानिक माणसाला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून जड काशाची शिल्पे मिळाली. ती उत्खननातल्या थरात सापडली नसल्याने काळाचा वाद मिटलेला नाही. स. अ. साळी यांच्या खोदकामात हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा निघाल्या, त्यांच्याबाबत तशी अडचण नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास ही गावे ओस पडली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते कारण कोरडे पडत गेलेले हवामान. घोड नदीवरचे इनामगाव आणखी तीनेकशे वर्षे तगले, पण तिथेही चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शिकारीवर व गुरांवर गुजराण होऊ लागली.