पटावरील मुले आणि पटाबाहेरील मुले

देशातील किती मुले शाळेत जातात, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. शाळांच्या पटावरील नावांची बेरीज केली की उत्तर मिळेल, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु एखाद्या गावात २० मुले शिकत आहेत असे म्हटले, तरी तेथे शिकण्याच्या वयाची मुले २२ आहेत की ४०, हे कळल्यावाचून त्या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही. म्हणून शिक्षणप्रसाराचे मोजमाप प्रमाणाच्या रूपाने केले जाते. पटावरील संख्या हा त्यातील अंश, तर त्या वयोगटाची लोकसंख्या हा छेद होय.

स्थूल आणि निव्वळ प्रमाण

हे प्रमाण मुख्यतः दोन प्रकारे काढतात. इयत्ता पहिली ते पाचवीचे वय साधारणपणे ६ ते १० वर्षे धरले जाते. समजा, एका गावात या वयाची १०० मुले आहेत आणि या इयत्तांच्या पटावर १०४ नावे आहेत. येथे स्थूल पटनोंदणी प्रमाण १०४ टक्के भरते. शंभराहून अधिक आकडा पाहून नवल वाटेल. पण उशिरा दाखल झालेली, मागे राहिलेली किंवा लवकर घातलेली मुलेही त्या १०४ मध्ये असतात. अशी १६ मुले वगळली, तर निव्वळ प्रमाण ८८ टक्के राहते. उरलेल्या १२ पैकी ४ मुले वरच्या इयत्तेत गेली असतील, असे धरले तरी ८ मुले शाळेबाहेरच आहेत. स्थूल प्रमाणाच्या समाधानकारक आकड्याआड ती दृष्टीआड होतात.

छेदाचे महत्त्व

उच्च शिक्षणासाठी १८ ते २३ हा वयोगट विचारात घेतला जातो. त्याची माहिती अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून २०१०-११ पासून संकलित होत आहे. २०१९-२० या वर्षाचे स्थूल प्रमाण २००१ च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार २७.१ टक्के होते. पुढे २०११ च्या जनगणनेवरील अंदाज वापरताच त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ टक्के ठरले. विद्यार्थी तेच, बदलला तो केवळ छेद. नव्या छेदाप्रमाणे २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २८.४ टक्के झाले. मुलींचे प्रमाण २८.५ टक्के असून ते मुलांपेक्षा किंचित अधिक होते, ही गोष्ट आनंददायक होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठावयाचे आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ न शकल्याने या काळातील गणिते जुन्या अंदाजांवरच अवलंबून राहिली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

अंशाची शुद्धता

अंशही निर्दोष असावा लागतो. एकाच मुलाचे नाव दोन शाळांत असेल, तर प्रमाण फुगते. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात राज्यव्यापी पटपडताळणी झाली, तेव्हा दुबार मोजणी टळावी म्हणून मुलांच्या बोटास शाई लावण्यात आली होती. २०२२-२३ पासून देशपातळीवर शाळानिहाय बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. त्यामुळे त्यापूर्वीच्या आकड्यांशी सरळ तुलना करणे योग्य ठरत नाही. २०२३-२४ मध्ये देशाची शालेय पटसंख्या सुमारे २४ कोटी ८० लाख होती.

पटाबाहेरचे मूल

तथापि, नाव पटावर असणे आणि मूल वर्गात असणे यांतही अंतर असते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. नाव गावच्या पटावर आणि मूल फडात, अशी त्यांची स्थिती होते. प्रमाणाच्या गणितात ते मूल शिकत असते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार, आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचा अभिलेख ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शिक्षक घरोघरी सर्वेक्षणास येतात, तेव्हा वस्तीवरील, पालावरील वा वीटभट्टीवरील मुलाची माहिती त्यांना देणे हे प्रत्येक नागरिकाचेही काम आहे. ज्या मुलाची गणतीच झाली नाही, त्याच्यासाठी वर्गखोली, पुस्तक वा शिक्षक यांची तरतूद होणार तरी कशी?