शिकविणारे हात कोठे शोधावेत?

शाळा सुटल्यावर मुलांना काय शिकवावे, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते कोणी शिकवावे, याचा विचार मात्र अगदी शेवटी होतो. माझ्याही हातून हीच चूक घडली. त्या चुकीतून जे उमगले ते, उद्या शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिमित्रांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी हरमलचा. पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे हे गाव. पूर्वी रापण, माड आणि भातशेती यांवर चालणाऱ्या या गावात आज पर्यटकांची वर्दळ असते. हंगामात आईवडील दोघेही कामावर. दुपारी शाळा सुटली की मुले किनाऱ्यावर, नाहीतर मोबाईलपुढे. त्यातच २०११ साली गोवा शासनाने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर सरकारी मराठी शाळांचा पट आणखी रोडावला आणि कित्येक शाळांना कुलूप लागले. तालुक्यातील अशाच एका शाळेच्या पालकांनी मला गळ घातली, "सर, आठवड्यातून दोन दिवस मुलांना वाद्य शिकवणारा कोणी तरी बघा. नाहीतर पुढल्या वर्षी पहिलीत एकही मूल यायचे नाही."

मी प्रथम प्रमाणपत्रे पाहिली. शहरातले एक पदवीधर तबलावादक मिळाले. गृहस्थ विद्वान, परंतु पहिले तीन आठवडे त्यांनी मुलांकडून तालांच्या व्याख्या वहीत उतरवून घेतल्या. तबल्याला हात लागे तो त्यांचाच. बस चुकली की वर्ग बुडे. मानधनही आम्ही वेळेवर देऊ शकलो नाही. बावीस मुलांची सात उरली आणि एके दिवशी तेही यायचे थांबले. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. निवड माझी होती.

मग मी देवळात भजनाला पखवाज वाजविणाऱ्या एका सुतारकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, मी चवथी नापास. शाळेत मी काय शिकवणार?" मी म्हटले, "काका, अर्धा तास येऊन बघा. नाही जमले तर चहा घेऊन परत."

काका आले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक लावायची असते. ती मळण्याचे काम त्यांनी आल्याआल्याच मुलांकडे दिले! मग सर्वांना गोल बसवून, तोंडाने बोल म्हणत मांडीवर ताल धरायला लावला. शेवटी प्रत्येकाची पखवाजावर पाळी. ज्याची थाप बसेना त्याला न रागावता त्यांनी त्याचे मनगट जरासे वळवून दिले. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाची थाप पहिल्याच दिवशी खणखणीत उमटली, तेव्हा सगळी मुले त्याच्याकडे वळून पाहू लागली. मात्र गलका वाढला की काका गांगरत. म्हणून शाळेच्या बाई रोज वर्गात बसू लागल्या. विद्या काकांची, शिस्त बाईंची, अशी वाटणी झाली.

यावरून काही गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, प्रशिक्षक प्रमाणपत्रावरून नव्हे, तर मुलांसमोरच्या अर्ध्या तासावरून पारखावा; तो स्वतः किती वाजवतो हे न पाहता मुलांचे हात किती वेळ कामात आहेत, हे पाहावे. दुसरी, तो शक्यतो जवळपासचा असावा. तिसरी, मानधन थोडे असले तरी ठरल्या तारखेला हातात पडावे. कलावंताला फुकट राबविणे ही सेवा नव्हे. चौथी, ओळखीचा माणूस असला तरी वर्ग उघड्या दाराने आणि शाळेतील शिक्षकाच्या उपस्थितीतच चालावा.

ही दृष्टी काही नवी नाही. गोव्याच्या जुन्या काबिजादीत चर्चच्या शाळांतून गावोगावची मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली. शिकविणारा 'मेस्त' गावातच राहणारा असे आणि त्याचा चरितार्थ चर्च चालवी. माजोर्डे येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे वडील असेच चर्चचे संगीतशिक्षक होते. पुढे मुंबईत याच गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. आमच्याकडे संगीताची शाळा म्हणजे देवळातले भजन आणि दशावतार.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून अनेक शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती अशी कामे प्रत्यक्ष करतात आणि शिकवायला त्या कामात मुरलेले स्थानिक निदेशक असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक कला व हस्तव्यवसाय जाणणाऱ्यांना शाळांनी प्रशिक्षक म्हणून घ्यावे, असे सुचविले आहे. धोरण कागदावर आले. माणूस मात्र कोणीतरी शोधूनच आणावा लागतो.

काकांच्या वर्गामुळे शाळा वाचली, असे मी म्हणणार नाही. पुढल्या जूनमध्ये पहिलीत चार मुले आली, एवढेच. पण त्या वर्षी चवथीला घरोघरच्या आरतीत मुलांचा पखवाज घुमला आणि काका ओट्यावर बसून नुसते ऐकत राहिले.

मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत एकदा डोकावा. मग देवळात, सुताराच्या पडवीत, गणपतीच्या चित्रशाळेत जा आणि विचारा, "काका, अर्धा तास याल का?"