प्रत आणि प्रमाण : घरच्या आणि छोट्या कार्यालयातल्या संगणकाचा बॅकअप

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं इथे काय काम? काम आहे, ते पुढे येईल. आधी शब्दापासून सुरुवात करू.

आपल्या नगरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन ‘बॅकअप पाहिजे’ म्हणा. दुकानदार विचारेल, ‘किती तासांचा?’ आणि इन्व्हर्टर दाखवेल. लोडशेडिंगनं आपल्याला हा शब्द त्याच अर्थानं शिकवला. इन्व्हर्टर हवा, यूपीएसही हवा. वीज गेल्यावर हातातलं काम जतन करून संगणक नीट बंद करायला जी पाच-दहा मिनिटं लागतात, ती यूपीएस देतो. पण हा झाला विजेचा बॅकअप. डिस्कच बंद पडली, तर इन्व्हर्टर काही करू शकत नाही. आज बोलायचं आहे ते माहितीच्या बॅकअपबद्दल.

व्याख्या करू. मूळ प्रत गेली तरी जी जात नाही, आणि जिच्यावरून काम पुन्हा उभं करता येतं, अशी दुसरी प्रत म्हणजे बॅकअप. यात दोन अटी आल्या. पहिली, ही प्रत मुळापासून स्वतंत्र पाहिजे. दुसरी, ती खरोखर उपयोगी पडते याचं प्रमाण पाहिजे. बाजारात जी यंत्रं आणि योजना मिळतात, त्या सगळ्यांना या दोनच प्रश्नांनी तपासा. कोणती घ्यायची ते आपोआप ठरतं.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ, दूध संकलन केंद्राचं. समजा एका गावातलं केंद्र आहे, दीडशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ संगणकात जातं आणि दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. दीडशे माणसं, दोन वेळा, नऊ दिवस, म्हणजे दोन हजार सातशे नोंदी झाल्या. आणि नवव्या दिवशी रात्री डिस्क गेली. आता दहाव्या दिवशी पैसे कशावरून वाटायचे? कुणाच्या घरात त्या पैशांवर किराणा आहे, कुणाचं पेंडीचं बिल आहे. केंद्रचालक म्हणेल, ‘अंदाजानं देतो.’ पण अंदाजानं दिलेल्या पैशाला कोण कबूल होणार? एका माणसाच्या डिस्कचा प्रश्न दीडशे घरांच्या विश्वासाचा प्रश्न होतो.

आता या गोष्टीत एक गंमत आहे. उत्पादकाला दर वेळी छापील पावती मिळते. ज्यांनी पावत्या जपल्या, त्यांच्याकडे स्वतंत्र प्रत आहे! ती वेगळ्या ठिकाणी आहे, वेगळ्या माध्यमावर आहे, केंद्रातल्या संगणकाचं काहीही झालं तरी तिला धक्का लागत नाही. म्हणजे बॅकअपचं तत्त्व आपल्या खिशातच होतं. फक्त दीडशे घरांतून दोन हजार सातशे चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा भरायला किती दिवस लागतील, हा प्रश्न उरतो.

म्हणून खरेदीआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. एक, किती काळाचं काम पुन्हा करायची माझी तयारी आहे? दुसरा, किती वेळात काम पुन्हा सुरू झालं पाहिजे? दूध केंद्राचं उत्तर असेल, ‘एका वेळेचं काम चालेल, आणि संध्याकाळच्या दुधाआधी सुरू व्हायला हवं.’ म्हणजे बॅकअप दिवसातून दोनदा हवा आणि दुसरा एखादा संगणक तयार हवा. घरच्या फोटोंचं उत्तर असेल, ‘आठवड्याचं गेलं तर सोसेन, आणि परत मिळायला चार दिवस लागले तरी हरकत नाही.’ दोघांना एकच यंत्रणा घ्यायला लावणारा विक्रेता दोघांपैकी एकाचं नुकसान करतो.

आता पहिली अट, स्वातंत्र्य. प्रत्येक संकटाच्या बाबतीत विचारायचं : मूळ प्रत ज्या कारणानं जाईल, त्याच कारणानं दुसरीही जाईल का?

एकाच डिस्कवर ‘डी ड्राइव्ह’मध्ये कॉपी ठेवली. सी आणि डी ही बहुधा एकाच डिस्कची दोन दालनं असतात. डिस्क गेली की दोन्ही गेली. संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडली, पण ती कायम जोडलेलीच ठेवली. डिस्क बिघडण्यापासून संरक्षण मिळालं, चोरीपासून नाही. चोर दोन्ही उचलतो. आणि खंडणीखोर व्हायरस, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, तो तर जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फायली कुलूपबंद करतो. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, असा हल्ला झाला होता आणि कामकाज ठप्प झालं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेवर जे येऊ शकतं, ते नागापूरच्या एखाद्या वर्कशॉपवर येणार नाही असं समजू नका.

डिस्क काढून ठेवली, पण त्याच कपाटात. मग आग. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले आणि अनेक विभागांच्या फायली राख झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत होती, तो वाचला. कागद असो की डिस्क, तत्त्व तेच.

आणखी दोन गैरसमज इथेच दूर करू. काही ठिकाणी ‘रेड’ नावाची दोन डिस्कची जोडी विकतात. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. सोय चांगली आहे, पण तुम्ही चुकून फाइल पुसली तर ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरा गैरसमज सिंकचा. गूगल फोटोजमध्ये सगळं आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. मग फोनमध्ये जागा करायची म्हणून त्याच ॲपमधून फोटो पुसतात, आणि ते क्लाउडमधूनही जातात. कचरापेटीत साठ दिवस राहतात, मग कायमचे जातात. सिंक म्हणजे आरसा. तुमच्या चेहऱ्यावर डाग पडला तर आरशातही पडणारच. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे.

मग करायचं काय? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला एक सोपा नियम जगभर वापरतात : ३-२-१. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मूळ धरून तीन, बरं का.

घरासाठी : संगणकावर मूळ, एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक क्लाउडवर. डिस्क घेताना आजच्या माहितीच्या निदान दुप्पट क्षमतेची घ्या. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमध्ये ‘टाइम मशीन’ ही सोय असतेच, वेगळा प्रोग्राम विकत घेण्याआधी ती वापरून बघा. क्लाउडवर गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून. कागदपत्रांना ती पुरते, लग्नाच्या व्हिडिओला पुरत नाही. शिवाय दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते बंद करून टाकण्याचं गूगलचं धोरण आहे. आजोबांच्या नावानं खातं उघडून विसरून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

छोट्या कार्यालयासाठी, म्हणजे वकील, करसल्लागार, पतसंस्था, दवाखाना : दोन हार्ड डिस्क घ्या. एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ लिहा. या आठवड्यात ‘अ’ कार्यालयात, ‘ब’ मालकाच्या घरी. शनिवारी अदलाबदल. रोज संध्याकाळी डिस्क जोडा, बॅकअप घ्या, काढून ठेवा. इंटरनेट बरं असेल तर जोडीला क्लाउड. आणि एक तांत्रिक गोष्ट : टॅली किंवा दवाखान्याचा प्रोग्राम चालू असताना त्याचं फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट करू नका. अर्धी नोंद लिहिली जात असताना घेतलेली प्रत अर्धवटच येते. त्या प्रोग्राममध्ये स्वतःची ‘बॅकअप’ची सोय असते, ती वापरा, आणि तयार झालेली फाइल डिस्कवर न्या.

आता विचाराल, रोज कालच्या प्रतीवर आजची प्रत चढवली तर चालेल का? नाही. याचं कारण समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला जाऊ. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये तिथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. मग हातानं नकला होत गेल्या, नकलेवरून नकला झाल्या. एकानं शब्द चुकवला की पुढच्या सगळ्या नकलांत ती चूक गेली. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी हा ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी पदरची ओवी घालू नये असं बजावलं. मधे २९४ वर्षं गेली होती. विचार करा, दर नवी नकल झाल्यावर जुनी जाळून टाकायची पद्धत असती तर? मग चूक झाली आहे हे कळायलाही मार्ग राहिला नसता. संगणकातही असंच. मंगळवारी फाइल बिघडली, तुम्हाला कळलं शुक्रवारी. तोवर तीन वेळा बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर चढली. म्हणून सात दिवसांच्या सात प्रती, महिन्यातल्या चार आठवड्यांच्या चार, आणि वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा अशा ठेवा. ३१ मार्चची प्रत वेगळी, तिला हात लावायचा नाही.

आता दुसरी अट, प्रामाण्य. इथे माझा विषय आला. आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांच्यात एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, दोष दिसेपर्यंत ते खरं मानायचं. नैयायिक म्हणतात, तसं नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जा, पिऊन बघा, तहान भागली तर पाणी. रोजच्या व्यवहारात आपण सगळे मीमांसक असतो, नाहीतर चहाचा घोटही घेता यायचा नाही. पण पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ अशी अक्षरं उमटतात, तेव्हा मात्र नैयायिक व्हा. त्या अक्षरांनी तहान भागत नाही. प्रत उघडून बघा.

हे न केल्यानं काय होतं? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक क्षेत्रातल्याच कंपनीत एका अभियंत्यानं रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही नीट कामाची निघाली नाही. एक व्यवस्था तर कित्येक दिवस बंद पडत होती, आणि तसं कळवणारे ईमेलच पोचत नव्हते. शेवटी एका अभियंत्यानं चाचणीसाठी सहा तास आधी घेतलेली प्रत उपयोगी पडली. हे सगळं कंपनीनं स्वतःच जाहीरपणे सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्याकडे प्रतींची कमतरता नव्हती. प्रती उघडून कुणी पाहिल्या नव्हत्या.

तेव्हा दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअपमधली कोणतीही तीन पानं, तीन फोटो, एक हिशेब उघडा, आणि तेही दुसऱ्या संगणकावर. वर्षातून एकदा सगळंच परत आणून बघा. हिशेबाचा बॅकअप परत आणताना वेगळ्या फोल्डरमध्ये आणा, चालू हिशेबावर चढवू नका. नाहीतर तपासणीच अपघात व्हायची!

वेळ होत आला, आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : क्लाउडवर आमच्या अशिलांची कागदपत्रं ठेवणं सुरक्षित आहे का?

उत्तर : पाठवण्याआधी ती कुलूपबंद करा, एनक्रिप्ट करा. पण किल्ली जपा. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते वाचताच येत नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा दार उघडलं. तुमच्या पासवर्डसाठी राजवाडे येणार नाहीत, आजचं कुलूप तसं उघडत नाही. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला आणि विश्वासाच्या माणसाकडे द्या. तुमच्यामागे घरच्यांनाही तो मिळाला पाहिजे.

प्रश्न : पेनड्राइव्हवर ठेवलं तर चालेल ना, सर?

उत्तर : पेनड्राइव्ह हा निरोप्या आहे, कोठार नाही. इथून तिथे न्यायला ठीक. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडलेल्या पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. हरवतोही लवकर.

प्रश्न : हिशेब किती वर्षं ठेवायचे?

उत्तर : जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. अपील किंवा खटला चालू असेल तर त्याहून जास्त. जमिनीचे, कर्जाचे कागद त्याच्याही पुढे. आणि जुनी डिस्क तशीच ठेवून भागत नाही, तीही म्हातारी होते. चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करा आणि ती उघडून बघा.

प्रश्न : समजा व्हायरस आलाच, तर पहिल्यांदा काय करायचं?

उत्तर : इंटरनेटची तार काढा, वायफाय बंद करा. आणि घाईघाईनं बॅकअपची डिस्क त्या संगणकाला जोडू नका, तीही जाईल. आधी संगणक पूर्ण स्वच्छ करून घ्या, विंडोज नव्यानं टाका, मग डिस्क जोडा. कार्यालयात हे वाक्य कागदावर लिहून ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही डिस्कच्या डब्यांवर चिकटवा. त्या वेळी तुम्ही गावाला असाल आणि डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल.