स्वमग्नताविषयक सेवाभावी संस्था आणि लसीकरणासंबंधीचे फेटाळले गेलेले दावे : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की त्याच्या बोलण्याकडे घरातील सर्वांचे लक्ष लागलेले असते. नावाने हाक मारूनही मूल वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, शिकलेले चार शब्दही बोलेनासे होते, तेव्हा आईवडिलांच्या मनात 'हे कशामुळे झाले?' हा प्रश्न प्रथम उभा राहतो. स्वमग्नता या अवस्थेच्या बाबतीत वैद्यकशास्त्राजवळ या प्रश्नाचे एका वाक्यातील उत्तर नाही. जिथे शास्त्राचे उत्तर अपुरे असते, तिथे सोपे परंतु चुकीचे उत्तर लवकर रुजते. गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता होते, हा दावा असेच एक चुकीचे उत्तर होय. हा दावा जगभर पोहोचवण्यात स्वमग्न मुलांसाठी काम करणाऱ्या काही सेवाभावी संस्थांचाच मोठा वाटा होता, ही बाब विशेष चिंतनीय आहे.

पनवेल परिसराच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत पनवेल शहराबरोबर खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा या वसाहती येतात. नोकरीनिमित्त आलेल्या छोट्या कुटुंबांना घरातील वडीलधाऱ्यांचा आधार जवळ नसतो. मुलाच्या वाढीविषयी शंका आली की असे पालक डॉक्टरांइतकाच अन्य पालकांचा आणि पालकसंस्थांचा सल्ला घेतात. म्हणूनच संस्थेचा सल्ला शास्त्रशुद्ध असणे ही केवळ तात्त्विक अपेक्षा राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लस व स्वमग्नता यांचा संबंध जोडणाऱ्या दाव्याचा उगम व त्याचे खंडन समजून घेणे.
२) सेवाभावी संस्था या दाव्याकडे का वळल्या, याची कारणमीमांसा करणे.
३) महाराष्ट्राच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ स्पष्ट करणे.

दाव्याचा उगम :

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. त्यांपैकी ८ मुलांच्या बाबतीत वर्तनातील बदल लसीनंतर दिसू लागल्याचे नोंदवण्यात आले होते. लसीमुळे स्वमग्नता होते हे सिद्ध झाल्याचे निबंधातही म्हटलेले नव्हते. तथापि, निबंधाच्या प्रकाशनानिमित्त झालेल्या पत्रकार परिषदेत डॉ. वेकफिल्ड यांनी तीन रोगांची एकत्रित लस थांबवून स्वतंत्र लसी द्याव्यात असे सुचवले आणि ब्रिटनमध्ये भीतीची लाट पसरली.

२००४ मध्ये पत्रकार ब्रायन डीअर यांनी या प्रकरणाची दुसरी बाजू उघड केली. लसउत्पादकांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलामार्फत डॉ. वेकफिल्ड यांना मोबदला मिळत होता. हा मोबदला ४ लाख पौंडांहून अधिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. अभ्यासातील काही मुले लसविरोधी मोहीम चालवणाऱ्यांच्या माध्यमातून आली होती. म्हणजेच ज्या पालकांचा लसीवर आधीच संशय होता, त्यांचीच मुले अभ्यासासाठी निवडली गेली आणि त्याच संशयाची नोंद निष्कर्ष म्हणून पुढे आली. मार्च २००४ मध्ये १० सहलेखकांनी निबंधातील अन्वयार्थ मागे घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये 'द लॅन्सेट'ने संपूर्ण निबंध रद्द केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात डॉ. वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

शास्त्रीय पुरावा :

मुलाला लस देण्याचे वय आणि स्वमग्नतेची लक्षणे ठळकपणे जाणवण्याचे वय जवळजवळ एकच आहे. भारतातील शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते आणि बोलण्यातील उणीव पालकांना याच काळात जाणवू लागते. एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. तो आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची मोठ्या संख्येने तुलना करावी लागते.

अशी तुलना अनेक देशांत झाली आहे. डेन्मार्कमध्ये २००२ साली सुमारे ५ लाख ३७ हजार आणि २०१९ साली सुमारे ६ लाख ५७ हजार मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. जपानने १९९३ मध्ये ही एकत्रित लस बंद केली, तरीही योकोहामा शहरातील अभ्यासात स्वमग्नतेच्या निदानांची संख्या वाढतच गेल्याचे २००५ मध्ये दिसून आले. लसच कारण असती, तर ती बंद झाल्यावर प्रमाण घटावयास हवे होते.

पुढे लसीतील थायोमर्सल या पारायुक्त संरक्षक द्रव्यावर संशय घेण्यात आला. वस्तुतः गोवर-गालगुंड-रुबेला लस जिवंत विषाणूंची असल्यामुळे तिच्यात हे द्रव्य कधीच नव्हते. अमेरिकेत खबरदारी म्हणून २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींतून ते जवळपास पूर्णपणे वगळण्यात आले, तरीही स्वमग्नतेची निदाने कमी झाली नाहीत.

भारतातील परिस्थितीही विचारात घेण्याजोगी आहे. आपल्या शासकीय कार्यक्रमात १९८५ पासून केवळ गोवराची स्वतंत्र लस दिली जात होती, तर रुबेलाची जोड २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मिळाली. तीन रोगांची एकत्रित लस प्रामुख्याने खासगी दवाखान्यांत उपलब्ध होती. वेकफिल्ड यांनी सुचवलेली स्वतंत्र लस कोट्यवधी भारतीय मुलांना अनेक वर्षे मिळतच होती, तरीही स्वमग्नता येथे नवी किंवा अनोळखी नाही.

सेवाभावी संस्था या दाव्याकडे का वळल्या ?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहासात थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वमग्नतेचा दोष आईच्या मायेच्या अभावावर ठेवण्यात येत असे. ब्रुनो बेटलहाइम यांनी या मताचा मोठा प्रसार केला. त्यामुळे मुलाच्या दुःखाबरोबर अपराधाचे ओझेही आईच्या माथी आले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले आणि स्वमग्नता ही जैविक अवस्था असल्याचे मांडले. १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला व १९६७ मध्ये ऑटिझम रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना केली.

येथे एक धडा पालकांच्या मनात पक्का झाला : तज्ज्ञ चुकू शकतात आणि पालक बरोबर असू शकतात. हा धडा त्या काळी योग्य होता. परंतु पुढे याच धड्याचा आधार घेऊन तज्ज्ञांच्या प्रत्येक निष्कर्षाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. स्वतः रिमलँड यांनी उत्तरायुष्यात लसीविषयीच्या दाव्याला पाठिंबा दिला. त्यांच्या संस्थेने १९९५ पासून चालवलेल्या उपक्रमातून विशिष्ट आहार, जीवनसत्त्वे आणि शरीरातील जड धातू बाहेर काढण्याचे उपचार पुरस्कारले गेले. ज्या व्यक्तीने मातांना एका खोट्या आरोपातून मुक्त केले, तिनेच त्यांच्यापुढे दुसरे खोटे कारण ठेवले. 'मी लस दिली नसती तर...' असे म्हणत आई पुन्हा स्वतःलाच दोष देऊ लागली.

या विचाराचे परिणाम प्राणघातकही ठरले. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा धातू काढण्याच्या उपचारादरम्यान मृत्यू झाला. शिरेतून दिलेल्या औषधामुळे रक्तातील कॅल्शियम कमालीचे घटून त्याचे हृदय बंद पडले. त्याच वर्षी स्थापन झालेली जेनरेशन रेस्क्यू ही संस्था पाऱ्याविषयीचा दावा मोठ्या जाहिरातींतून मांडत होती.

तथापि, सर्व संस्थांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटिझम स्पीक्स या मोठ्या संस्थेत या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले. वरिष्ठ पदाधिकारी ॲलिसन सिंगर यांनी जानेवारी २००९ मध्ये राजीनामा दिला. ज्या प्रश्नाचे उत्तर वारंवार मिळाले आहे, त्यावरच संशोधननिधी खर्च होत राहिला तर खऱ्या कारणांच्या शोधासाठी पैसा उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी पुढे ऑटिझम सायन्स फाउंडेशनची स्थापना केली. ऑटिझम स्पीक्सनेही २०१५ मध्ये लसींमुळे स्वमग्नता होत नाही, असे स्पष्टपणे जाहीर केले. उलट, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या संकेतस्थळावरील याविषयीचा मजकूर बदलून जुन्या संशयाला पुन्हा जागा दिली, तेव्हा स्वमग्नताविषयक संस्थांनीच त्यास विरोध केला. शासकीय यंत्रणा डगमगली असता सेवाभावी संस्थांनी शास्त्राची बाजू सांभाळली, हा वीस वर्षांतील मोठा पालट होय.

महाराष्ट्राचा संदर्भ :

लसीकरणाचा वारसा महाराष्ट्रास नवा नाही. भारतातील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला देण्यात आली आणि प्लेगची लस १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच सिद्ध केली. तरीही लसीविषयीची भीती येथे अधूनमधून डोके वर काढते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. कोविडकाळात खंडित झालेले लसीकरण, दाट वस्ती, कुपोषण आणि लसीविषयीचे गैरसमज ही त्यामागील कारणे होती. स्वमग्नतेची भीती हे या उद्रेकाचे कारण होते असे म्हणता येणार नाही; मात्र लसीकरणात खंड पडला की गोवर किती लवकर परततो, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्रातील पालकांपुढील अधिक जवळचा धोका वेगळ्या रूपात आला. स्वमग्नता मूळपेशींच्या उपचाराने सुधारते, असे सांगून काही खासगी केंद्रांनी पालकांकडून लाखो रुपये घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. मुंबईतील यश चॅरिटेबल ट्रस्ट ही बौद्धिक व विकासात्मक दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणारी व जुहू येथे अर्पण हे उपाहारगृह चालवणारी संस्था हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचण्यांबाहेर असा उपचार देता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये दिला. अमेरिकेतील काही संस्थांनी अप्रमाणित उपचारांचा पुरस्कार केला, तर मुंबईतील संस्थेने अशा उपचाराविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. संस्थेने पालकांच्या आशेचे रक्षण कसे करावे, याचा हा आदर्श म्हणावा लागेल.

पालकांसाठी कायद्याचे साहाय्यही उपलब्ध आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून निरामय योजनेतून १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता अंतर्भूत आहे. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच सुरू झाला होता.

निष्कर्ष :

१) लस आणि स्वमग्नता यांचा कार्यकारणसंबंध अनेक देशांतील मोठ्या अभ्यासांनी नाकारला आहे.
२) या दाव्याचा प्रसार करणाऱ्या संस्थांमागे सर्वत्र दुष्ट हेतू नव्हता. पालकांचे दुःख, तज्ज्ञांवरील जुना अविश्वास आणि कारण शोधण्याची निकड यांतून तो फोफावला.
३) दाव्याची किंमत तिघांनी मोजली : गोवराने दगावलेल्या बालकांनी, घातक उपचार सोसणाऱ्या स्वमग्न मुलांनी आणि अपराधभावाने खचलेल्या पालकांनी.
४) संस्थेची निवड करताना पालकांनी काही कसोट्या लावणे इष्ट आहे. संस्था पूर्ण बरे करण्याचे आश्वासन देते काय ? सल्ला देणाऱ्याचा उपचाराच्या विक्रीशी आर्थिक संबंध आहे काय ? नवा पुरावा आल्यावर संस्था आपले मत बदलते काय ? मुलाच्या शिक्षणाला आणि दैनंदिन स्वावलंबनाला ती महत्त्व देते काय ?

समारोप :

'हे कशामुळे झाले?' या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर आज मिळाले नाही, तरी 'आता काय करावे?' या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे. लवकर निदान, वाणी व व्यवसायोपचार, सर्वसमावेशक शिक्षण आणि समाजाची स्वीकारशील वृत्ती हे त्याचे घटक होत. पनवेलसारख्या वाढत्या शहरात आरोग्य केंद्र, अंगणवाडी, शाळा आणि पालकसंस्था यांनी परस्परांशी जोडून काम केल्यास मुलाच्या जडणघडणीतील मोलाची वर्षे खोट्या कारणाच्या शोधात वाया जाणार नाहीत. स्वमग्न मूल हे कोणत्याही चुकीची शिक्षा नाही आणि लस देणाऱ्या आईने कोणताही अपराध केलेला नाही, हे तिला प्रथम सांगणे हीच सेवाभावी संस्थेची पहिली सेवा ठरते.